आतल्या खोलीतला माणूस

डुलुथमध्ये एप्रिल म्हणजे
सरोवरावर अजून बर्फाच्या फळ्या,
रस्त्यावर हिवाळ्याचं उरलेलं मीठ,
आणि शोरूमच्या काचेआड, कोपऱ्यात
गेल्या साली आलेली, कुणी न नेलेली ती.
टायरवरची रबरी लव अजून शाबूत.

विकणारा मुलगा पोरसवदा. छातीवर नाव: ब्रॉडी.
"नातवासाठी बघताय का, मॅडम?"
मी उत्तर न देता पाय टाकून बसले.
दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या.
गुडघा कुरकुरला, पण तो जिन्यावरही कुरकुरतो.

मग त्यानं कागद पुढे सरकवला.
गाडीचे सात हजार चारशे नव्व्याण्णव.
वाहतुकीचे पाचशे वीस. जोडणीचे तीनशे नव्वद.
कागदपत्रांचे एकशे पंचवीस, म्हणजे
हा कागद छापल्याबद्दल
हाच कागद माझ्याकडून पैसे मागणार.
कर वेगळा.

"बाळ," मी म्हटलं, "ट्रकमधून उतरून हिला दहा महिने झाले.
ते भाडं कधीच फिटलं असेल.
सात हजार दोनशे. कर, पाटी, सगळं धरून.
ते दार ओलांडेपर्यंतचा आकडा."

बाहेर वाऱ्यानं शोरूमचे झेंडे फडफडले.
चाक रस्त्याला लागायला अजून महिना होता.
पाण्यात म्हैस, आणि आम्ही वर मोल करत बसलेलो.

"मॅनेजरना विचारून येतो," म्हणाला,
आणि मागच्या दारातून आत गेला.

आता मला हसू आवरेना.
एकतीस वर्षं मी पियानो विकले, सुपीरियर स्ट्रीटवर.
मीही म्हणायचे, मालकांना विचारून येते.
मालक फ्लोरिडात असायचे.
आतल्या खोलीत एक नळ, एक जुनं कॅलेंडर,
आणि एका बाजूला कललेला मेट्रोनोम.
मी पेलाभर पाणी प्यायचे,
शंभरपर्यंत आकडे मोजायचे,
आणि चेहरा पाडून बाहेर यायचे:
"फार भांडले हो तुमच्यासाठी."

म्हणून बसल्या बसल्या मी त्याच्याबरोबर मोजू लागले.
वीस. तीस.
पेट्रोलच्या टाकीत माझा चेहरा, रुंद आणि निळा.
पंचेचाळीस.

एकदा, फार मागे, शंभर व्हायच्या आधीच
गिऱ्हाईक उठून गेलं होतं.
बसच्या तिकिटांसकट सगळी पर्स टेबलावर ओतून
नोटा मोजणारी बाई, आणि तिची मुलगी.
पोरीनं पट्ट्यांवर बोटं ठेवली होती
पण एकही दाबली नव्हती.
त्या दिवशी उगाच, सवयीनं,
मी दुसरा पेला प्यायले.
बाहेर आले तर दुकान रिकामं,
स्टूल अजून फिरत होतं.

एकशे बारा.
ब्रॉडी आला. वरच्या ओठावर पाण्याची रेघ.
"सात हजार सहाशे. खरंच, मी फार..."
"भांडलास," मी म्हटलं.
तो कानापर्यंत लाल झाला.

खेचता आलं असतं. मला ठाऊक आहे कुठे खेचायचं.
पण तोंडून गेलं, "साडेचारशे कर.
सात हजार साडेचारशे. आणि हातमोजे दे, ते घासलेले चालतील."
म्हणजे माझ्या आकड्यावर अडीचशे.
मनात म्हटलं, हे त्या स्टुलाचे.

तो सहीसाठी पेन आणायला धावला,
मागचं दार सताड उघडं राहिलं,
आणि आत
खरंच एक माणूस होता.
जाडजूड, गळ्याला रुमाल बांधून सूप पिणारा.
त्यानं माझ्याकडे बघून चमचा हलवला.

म्हणजे माझे अडीचशे गेले ते त्याच्या सुपात.

सही केली. लेम्पी हार्याला, वय अडुसष्ट.
"कधी न्याल?" ब्रॉडीनं विचारलं.
मीठ धुऊन गेलं की, मी म्हटलं,
आणि उतरायला हवं होतं, तरी
हँडल धरून
आणखी थोडी बसून राहिले.